आवाज कुणाच्या नावानं?

संपादकीय कशावर लिहायचं यावर दर अंकाच्या आधी आपल्या मंडळात खल होतो आणि शेवटी जिनं सगळ्यांत जास्त वाद घातला असेल तिच्याच गळ्यात ते काम पडतं. या खेपेला ते माझ्या गळ्यात पडलं आहे.

झालं ते असं. आपल्या युवती गटातली एक मुलगी गेल्या महिन्यात ऑफिसात आली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहायला धायरीला, वडील रिक्षा चालवतात. शिबिरात फारशी बोलत नाही, पण सतरंज्या उचलायला सगळ्यांत आधी उठते, अशी. म्हणाली, "ताई, मागची खोली रविवारी रिकामी असते ना? आम्हा तिघींना प्रॅक्टिसला मिळेल का?" मला वाटलं पथनाट्य असेल. म्हटलं, मिळेल की. तर म्हणाली, "नाटक नाही ताई, बँड आहे. डेथ मेटल."

हा काय प्रकार असतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. विजेवरच्या गिटारी नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावलेल्या, ड्रमचा अखंड मारा, आणि गाणारा गात नाही तर गुरगुरतो. शब्द मरणाचे, प्रेतांचे, युद्धाचे. या संगीताचं मूळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आहे. 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि परत जायचं नाही म्हणू लागला. आईनं काम नीट पुरं करून ये म्हणून पाठवलं. त्या दिवशी पत्रा वाकवायच्या यंत्रावर बसणारी बाई आलेली नव्हती, म्हणून याला तिच्या यंत्रावर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. तो जड, दडपून टाकणारा आवाज असा आला. मी भोसरीच्या प्रेसशॉपमधल्या बायांबरोबर तीन वर्षं काम केलं आहे, बोट गेलेले हात पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे ही गोष्ट ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आयोमी कमी आणि त्या दिवशी न आलेली ती बाईच जास्त आहे. रोज तीच त्या यंत्रावर बसत होती.

डेथ मेटल त्याच घराण्यातलं पुढचं, जास्त कर्कश अपत्य. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या 'पझेस्ड' या बँडच्या तबकडीवर याच नावाचं एक गाणं होतं, १९८७ साली फ्लोरिडातल्या 'डेथ' या बँडची पहिली तबकडी आली. याला भूमिगत म्हणायचे ते पोलिसांपासून लपायचे म्हणून नव्हे. रेडिओवर हे लागत नसे, मोठ्या कंपन्या घेत नसत. पोरं घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रण करून एकमेकांना पोस्टानं पाठवत. हातानं लिहिलेली, झेरॉक्स काढून पिना मारलेली पत्रकं निघत. वर्गणीदारांची यादी, तिकिटं चिकटवणं, दर अंकाला पैशांची ओढाताण. हे वाचताना मला हसू आलं. सायक्लोस्टाइलच्या शाईनं हात काळे केलेल्या आपल्या ज्येष्ठ मैत्रिणींनाही येईल.

आपल्याकडे याचा जोर मुख्यतः मुंबईत. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव, धोबीतलावचं रंगभवन आणि त्याच्या पायऱ्यांवर बसून ऐकणारी पोरं. आवाजाच्या नियमांमुळे रंगभवन बंद पडलं तरी बँड निघतच राहिले. २००० साली 'डेमॉनिक रेझरेक्शन', २००३ साली 'भयानक मौत', २००७ साली 'गटस्लिट'. यातल्या पहिल्या बँडचा म्होरक्या साहिल मखिजा पुढे इंटरनेटवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमासाठीही प्रसिद्ध झाला. (पुरुषानं पातेलं हातात घेतलं की त्याचा कार्यक्रम होतो, ही तक्रार इथे नको, पण नोंदवून ठेवते.) पुण्यात २०१० पासून 'एनएच ७ वीकेंडर' भरू लागला. २०१९ साली डेथ मेटलमधून वर आलेला स्वीडनचा 'ओपेथ' इथे वाजवून गेला. आता यातल्या बायका मोजायला बसलं तर बोटं पुरून उरतात. बंगळूरच्या 'माइंडस्नेअर'मध्ये ड्रम वाजवणारी यास्मिन क्लेअर, मुंबईच्या 'क्रॉनिक फोबिया'त बेस वाजवत गुरगुरणारी एक मराठी आडनावाची मुलगी. प्रेक्षकांतही मुली थोड्याच आणि त्यांच्याकडे 'कुणाबरोबर आली आहे' अशा नजरेनं पाहिलं जातं, असं आमची धायरीची मुलगी सांगते.

मी खोलीचा विषय मासिक बैठकीत ठेवला आणि बैठक दोन तास त्यावरच चालली. शेजाऱ्यांच्या तक्रारीचा मुद्दा लवकर संपला. वर्षातले दहा दिवस आपल्या गल्लीत भिंती हादरतात तेव्हा कुणी तक्रार करत नाही, एवढं बोलून झालं. दुसरा आक्षेप खरा होता. हे संगीत बाईच्या विरोधात आहे, असा. अमेरिकेतल्या 'कॅनिबल कॉर्प्स' या प्रसिद्ध बँडच्या पहिल्या तीन अल्बममधली गाणी २००६ सालापर्यंत जर्मनीत जाहीर कार्यक्रमात वाजवता येत नव्हती. त्या काळच्या त्यांच्या कित्येक गाण्यांत बाईचं शरीर म्हणजे कापायचा माल आहे. मी याचं समर्थन करणार नाही. 'ती नुसती कल्पना असते' हे उत्तर आपण सिनेमावाल्यांकडून पुष्कळ ऐकलं आहे. पण तेवढ्यावरून तिघींना खोली नाकारायची, तर मग ओव्या आणि लावण्यांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत कुठल्या संगीताला आपल्या दारातून आत येता येईल?

तिसरा आक्षेप अक्कांचा होता आणि त्यानं सगळ्या गप्प झाल्या.

या तिघींनी एक गाणं मराठीत लिहिलं आहे. आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या अंकांचे गठ्ठे त्यांनी उपसले होते. त्यात जळीतांच्या बातम्या, मृत्युपूर्व जबाब, 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांत मिटवलेल्या फायली. त्यावरून गाणं केलं आहे आणि ते मेलेल्या बाईच्या तोंडी आहे. अक्कांनी ऐंशीच्या दशकात सरकारी रुग्णालयाच्या बर्न वॉर्डात रात्री काढल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, जळालेल्या बाईचं गाणं करून तुम्ही नाचणार?" मुलगी शांतपणे म्हणाली, "अक्का, नाचत नाही कुणी. डोकं हलवतात. आणि तो आवाज गोड गळ्यानं काढला तर तिच्यावर अन्याय होईल."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला 'मी एक मंजुश्री' आठवलं. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८४ साली नवऱ्याची निर्दोष मुक्तता झाली आणि तो निकाल आजही परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रश्नावर दाखला म्हणून काढला जातो. कोर्टाचं कोर्टापाशी. पण त्या मृत्यूनंतर नारी समता मंचाच्या मैत्रिणींनी जे प्रदर्शन काढलं त्याला 'मी एक मंजुश्री' हे नाव दिलं, 'ती' म्हटलं नाही. मेलेल्या बाईच्या जागी स्वतःला उभं करायचं हे धाडस याच शहरात, आपल्याच आधीच्या पिढीनं केलं होतं. ते शोभतं का, असं तेव्हाही कुणीतरी विचारलं असणारच. अक्का त्यावर काही बोलल्या नाहीत. चहा मात्र त्यांनी मुलीला आपल्या हातानं दिला.

आता त्या गुरगुरण्याबद्दल. मला आधी वाटे की हा पुरुषी आवाज, मुलींनी तो काढायचा म्हणजे पुरुषाची नक्कल. तसं नाही. आपल्या स्वरतंतूंच्या थोड्या वर मांसल घड्या असतात, बोलताना आपण त्या वापरत नाही. हा आवाज काढताना त्या थरथरवतात आणि जोर पोटातून लावतात. त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर बाई की पुरुष हे बऱ्याचदा सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या बाईंनी गळा न फाडता असं ओरडायचं शिक्षण कित्येक नामवंत पुरुष गायकांना दिलं आहे.

पण हे ऐकताना मला शरीरशास्त्राच्या आधी वस्ती आठवली. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी जनता वसाहतीत काम सुरू केलं तेव्हा दर मंगळवारी एका बाईच्या अंगात यायचं. केस मोकळे, मान गरागरा फिरते आहे, घशातून घोगरा, खोल आवाज. एरवी नवऱ्यासमोर मान वर न करणारी ती बाई त्या अर्ध्या तासात त्याला एकेरीत झापायची आणि तो हात जोडून उभा असायचा. सदाशिव पेठेतल्या घरांतही अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागरी फुंकल्या जातातच, तिथे त्याला नाव जरा सोवळं आहे. आम्ही कार्यकर्त्यांनी त्या बाईला समजावलं, अंधश्रद्धा निर्मूलनाचं पुस्तक वाचून दाखवलं, समुपदेशनाला नेलं. तिचं घुमणं बंद झालं. २०१३ साली कायदा आला, तोवर तिच्या घरी मंगळवार सुने झालेले होते. आम्ही यशाचा अहवाल लिहिला. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. पण ओरडायची तिची एकमेव जागा आम्ही काढून घेतली आणि बदल्यात दिलं काय? महिन्यातून एकदा बचतगटाची बैठक, तीही 'एकेकीनं बोला गं' असं सांगत.

पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत आज शेकड्यांनी मुली कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात. हाताला फोड येतात, रात्री उशिरा घरी परततात आणि आईवडील कौतुकानं फोटो काढतात. मलाही ते पाहून उर भरून येतो. म्हणजे मुलीच्या मोठ्या आवाजाला आपली ना नाही, तो देवाच्या नावानं असला म्हणजे झालं. बाईनं गर्जावं, पण देवी होऊन. या तिघींची अडचण एवढीच आहे की त्यांना स्वतःच्या नावानं ओरडायचं आहे आणि त्यासाठी आपल्या संस्कृतीत तिथी राखून ठेवलेली नाही.

बैठकीनंतर मी थोडं वाचन केलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात १९८८ साली शॅरन बास्कॉव्स्की आणि टेरी हेगन या दोघींनी 'डर्केटा' नावाचा बँड काढला. बायकांनीच चालवलेला पहिला डेथ मेटल बँड म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. नाव जुन्या साहसकथांतल्या एका मृत्युदेवीचं. संथ, अंधारं वाजवायच्या. १९९० साली 'प्रीमॅच्युअर बरिअल' ही छोटी तबकडी निघाली. शीर्षकाचा अर्थ जिवंतपणी पुरलं जाणं. भूमिगत वर्तुळात नाव झालं आणि लगेच बँड फुटला. टेरी आणि मेरी बीलिच या दोघी ओहायोच्या डॅना डफीबरोबर 'मिथिक' या नव्या बँडमध्ये गेल्या. 'मिथिक'चं १९९२ साली एक छोटं ध्वनिमुद्रण आलं आणि थोड्याच काळात तोही संपला. एका पानाच्या कोपऱ्यात मावेल एवढा इतिहास. तेव्हाच्या नियमानं डर्केटाची नोंद इथे बंद व्हायला हवी होती. पण शॅरननं नाव सोडलं नाही. मध्ये वर्षानुवर्षं थांबत, पुन्हा उठत, २०१२ साली डर्केटाचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम निघाला, 'इन डेथ वी मीट'. त्यात शॅरन होती, टेरी होती आणि मेरीही होती. पहिल्या तालमीपासून चोवीस वर्षांनी.

हे वाचून मी आपल्या जुन्या मंडळांची यादी काढून बसले. १९९५ नंतर जिल्ह्यात सुरू झालेल्या आणि 'बंद' असा शेरा मारलेल्या गटांची. त्यांतल्या किती जणी दुसरीकडे कुठे जाऊन कामाला लागल्या, हे त्या शेऱ्यात दिसत नाही.

फुटण्याच्याही तऱ्हा असतात. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचा 'बोल्ट थ्रोअर' हा बँड, त्यात जो बेंच ही बाई १९८७ पासून बेस वाजवत होती, अगदी शेवटपर्यंत. २०१५ साली त्यांचा ड्रमवादक अचानक वारला. त्याच्या जागी दुसरा न घेता बरोबर एका वर्षानं त्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. भांडण नाही, फाटाफूट नाही. असं सन्मानानं थांबता येणं हे भाग्यच म्हणायचं.

काश्मीरच्या मुलींना ते मिळालं नाही. 'प्रगाश', म्हणजे प्रकाश, हा दहावीतल्या तीन मुलींचा बँड. साधा रॉक, डेथ मेटलही नव्हे. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या एका स्पर्धेत वाजवलं, बक्षीस मिळालं. मग फेसबुकवर शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या, फेब्रुवारी २०१३ मध्ये मुफ्तींचा फतवा आणि पाठोपाठ बँड बंद. मुख्यमंत्र्यांनी पाठिंबा दिला, पोलिसांनी काहींना अटकही केली, मुलींनी मात्र वाद्यं खाली ठेवली. तेव्हा देशभर लेख आले, आपणही निषेधाचं पत्रक काढलं होतं. बरोबरच केलं. पण त्या पत्रकाचा मला आता थोडा त्रास होतो. तिकडचे मुफ्ती आपल्याला लगेच दिसले. आपल्याकडे फतवा काढावा लागत नाही, तेवढे कष्ट कुणी घेत नाही. रात्री साडेनऊला स्वारगेटहून बस मिळेल की नाही हे पाहावं लागतं. तासाच्या भाड्यानं मिळणारी तालमीची खोली एखाद्या मुलाच्या नावावर घ्यावी लागते. कार्यक्रम बारमध्ये असतो, म्हणून घरी खोटं सांगावं लागतं. ॲम्प्लिफायर मित्राचा असतो आणि मैत्री संपली की तोही जातो. शेवटचं वर्ष येतं, मग नोकरी, मग स्थळ. मुलांचे बँडही फुटतात, पैशांवरून, अहंकारावरून, कोण पुढे उभा राहणार यावरून. मुलींना तिथवर पोचायलाही मिळत नाही. आपसांत मनसोक्त भांडून बँड फोडण्याइतका वेळ त्यांना मिळावा, एवढं तरी मला वाटतं.

खोली द्यायची असं शेवटी ठरलं. मतदानानं नाही, अक्का म्हणाल्या म्हणून. अटी घातल्या आहेत: रविवारी सकाळी दहा ते एक, खिडक्यांना गाद्या लावायच्या, आणि ते मराठी गाणं पहिल्यांदा ज्यांच्यासमोर म्हणायचं त्यांत अक्का असतील. त्यांनी ऐकून 'नको' म्हटलं तर काय, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, "मग वाद घालू." अक्कांना हे उत्तर आवडलेलं दिसलं.

तिघींपैकी ड्रम वाजवणारीच्या घरी दिवाळीनंतर मुलगा बघायला सुरुवात करणार आहेत. तिच्या आईशी मी एकदा बोलून आले आहे, पुन्हा जाणार आहे. सध्या ती पत्र्याच्या डब्यांवर आणि उशीवर सराव करते, कारण ड्रमचा संच परवडत नाही. कुणाच्या माळ्यावर जुना संच पडून असेल, अर्धवट असला तरी चालेल, तर ऑफिसच्या पत्त्यावर कळवा. जुन्या कापसाच्या गाद्याही हव्या आहेत, चार तरी.